राणीच्या कानातला आरसा

दिवाळीनंतर रजा काढून धार आणि देवास पाहून आलो, असे सांगितले की गोव्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ते नेमके कुठे आले?" इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास, असे सांगावे लागते. दुसरा प्रश्न, "तिथे काय आहे पाहण्यासारखे?" मांडूला जाणारे लोक धारवरून जातात, पण धारला थांबत नाहीत. उज्जैनला जाणारे देवासला चहा पिऊन पुढे जातात. मी मात्र दोन्ही गावांत मुद्दाम राहिलो. कारण जरा विचित्र वाटेल. मला एका नाटकातल्या दुय्यम पात्राविषयी काहीतरी समजून घ्यायचे होते. त्या पात्रावर मी स्वतः एकदा अन्याय केलेला आहे. ते शेवटी सांगतो. आधी धार.

धार हे परमारांचे, भोजराजाचे गाव. पुढे अठराव्या शतकात ते मराठ्यांच्या पवार घराण्याकडे आले, त्यामुळे संस्थानी काळात तिथल्या दरबारात आणि शाळांत मराठी माणसे बरीच होती. त्यांपैकी एक काशिनाथ कृष्ण लेले. हे धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते आणि जुन्या शिलालेखांचा त्यांना नाद होता. भोजशाळा आणि कमाल मौला मशीद अशा दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत १९०३ साली एक कोरीव शिळा सापडली. त्या वास्तूच्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला त्या शिळेवर काय आहे ते सांगायचे आहे. त्या शिळेवर ब्याऐंशी ओळींत चक्क एक नाटक कोरलेले आहे! देणगीचा मजकूर नाही, राजाची वंशावळ नाही, नाटक. जर्मन पंडित हुल्ट्झ यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापले. नाव 'पारिजातमंजरी', दुसरे नाव 'विजयश्री'. लिहिणारा मदन, धारच्या अर्जुनवर्मा राजाचा गुरू. काळ तेराव्या शतकाचा आरंभ. या मदनानेच रचलेले अर्जुनवर्म्याचे ताम्रपट १२११ ते १२१५ या वर्षांतले आहेत, त्यावरून हा काळ ठरतो.

ही नाटिका चार अंकांची. शिळेवर दोनच अंक आहेत. पुढचे दोन अंक दुसऱ्या शिळेवर असणार, ती मिळालेली नाही. म्हणजे आपल्याला अर्धेच नाटक वाचायला मिळते, आणि गंमत अशी की त्या अर्ध्यातच माझ्या विषयाचे सगळे सार आले आहे.

कथा साधी आहे. अर्जुनवर्म्याने गुजरातच्या चालुक्य राजाचा, जयसिंहाचा, पराभव केला. विजयाच्या क्षणी पारिजाताचा एक घोस आकाशातून त्याच्या छातीवर पडला आणि त्या घोसाची एक सुंदर कन्या झाली. ही पूर्वजन्मीची चालुक्य राजाची मुलगी. तिला राजाने बागेच्या अधिकाऱ्याकडे, कुसुमाकराकडे, सोपवले. त्याची बायको वसंतलीला तिची काळजी घेते. ही नायिका पारिजातमंजरी. आणि राजाची पट्टराणी सर्वकला, कुंतलच्या राजाची मुलगी. कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांचा मुलूख, आपल्या घाटापलीकडचा. म्हणजे राणी जवळजवळ आपल्या शेजारची!

दुसऱ्या अंकात राणी बागेत एक वेल आणि आंब्याचे झाड यांचे लग्न लावते. राजा विदूषकाला घेऊन तो सोहळा पाहायला येतो. वसंतलीला आणि पारिजातमंजरी झाडाआड लपलेल्या आहेत. राजाला पारिजातमंजरी सरळ दिसत नाही. त्याला ती दिसते राणीच्या कानातल्या दागिन्यात. चकचकीत घासलेल्या त्या कर्णभूषणात मागच्या झाडाआडच्या मुलीचे प्रतिबिंब पडलेले आहे. राजा राणीकडे पाहतो आहे असे सगळ्यांना वाटते, आणि तो पाहत असतो दुसरीकडे. पण त्याचा चेहरा त्याला दगा देतो. राणीच्या मनात पाल चुकचुकते, ती निघून जाते. पुढे राजा नायिकेला भेटतो, तेवढ्यात राणीची दासी कनकलेखा ते कर्णभूषण घेऊन हजर होते. राजा नायिकेला सोडून राणीची समजूत काढायला निघतो, नायिका जीव देण्याची भाषा करत निघून जाते, आणि शिळा संपते.

या अंकाला मदनाने नाव दिले आहे 'ताडंकदर्पण'. ताडंक म्हणजे कानातला दागिना. राणीच्या कानातला आरसा!

हे वाचले तेव्हा मला कॉलेजातला इंग्रजीचा तास आठवला. सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला होता, 'फॉइल'. हॅम्लेट शिकवत होते. नायक उठून दिसावा म्हणून त्याच्या शेजारी उभे केलेले वेगळ्या स्वभावाचे पात्र म्हणजे फॉइल, अशी व्याख्या आम्ही वहीत उतरवली आणि परीक्षेत पाच मार्कांना लिहिली. हा शब्द मूळचा जवाहिऱ्यांचा. खडा कोंदणात बसवताना त्याच्या खाली चकचकीत पातळ पत्रा घालतात, म्हणजे खड्याचे तेज वाढते. तो पत्रा म्हणजे फॉइल. आपल्याकडच्या कुणाही जुन्या शेटला विचारा, तो हे काम तुम्हाला दोन वाक्यांत समजावून देईल. पण खडा विकत घेणारा त्या पत्र्याकडे बघत नाही, आणि आमच्या व्याख्येतही ते पात्र तसेच पत्र्यासारखे पडून राहिले. नायकासाठी आहे, खाली आहे, दिसत नाही.

मदनाने तो पत्रा उचलून राणीच्या कानात घातला. फरक केवढा पडला पाहा. नायिका आपल्याला दिसते ती राणीच्या अंगावरच्या वस्तूत दिसते. राणी बाजूला केली तर नायिका दिसतच नाही. आणि तो आरसा निर्जीव नाही, ज्या कानात तो आहे त्या बाईला मन आहे. ती वेलीचे लग्न लावते आहे आणि त्याच वेळी तिचा स्वतःचा संसार तिच्याच दागिन्यात मोडतो आहे. हे जिला कळते आणि जी उठून जाते, ती काही पत्रा नव्हे.

आता शास्त्राकडे वळतो, थोडकेच. संस्कृत नाट्यशास्त्रातला एक फार वापरला गेलेला ग्रंथ 'दशरूपक' हाही याच मुलखातला. भोजाचा चुलता मुंज याच्या पदरी असलेल्या धनंजयाने तो दहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. त्यात नाटिकेविषयी सांगताना धनंजय म्हणतो त्याचा आशय असा, की राणी ही वडील, प्रगल्भ, गंभीर, मानी आणि राजवंशातली असावी, आणि नायक-नायिकेचे मीलन तिच्या हाती असावे. नायिका कशी असावी? तीही तशीच, फक्त मुग्ध. हे "तशीच, फक्त" मला फार मोलाचे वाटते. नायिका राणीच्या उलट असावी असे तो म्हणत नाही. तशीच असावी, एका गोष्टीत वेगळी असावी. म्हणजे त्या मुग्ध मुलीकडे पाहताना राणी एके काळी कशी असेल ते दिसते, आणि राणीकडे पाहताना त्या मुलीचे पुढे काय होणार ते दिसते.

भोजाने 'सरस्वतीकंठाभरण'मध्ये याहून बारीक विभागणी केली. नायक, प्रतिनायक, उपनायक, अनुनायक असे चार प्रकार, आणि नायिकांचेही तसेच. मराठीत आपण या चारांतला प्रतिनायक तेवढा उचलला, त्याला खलनायक केला आणि बाकीचे सोडून दिले. त्यामुळे आपली समजूत अशी झाली की नायकाच्या समोर उभा तो खल. रामापुढे रावण. पण विरोध वेगळा आणि तुलना वेगळी. नायकाला अडवतो तो प्रतिनायक. नायकासारखाच असून दुसऱ्या वाटेने जातो, त्याला मी आपल्या भाषेत 'तोलाचे पात्र' म्हणेन. तराजूच्या एका पारड्यात नायक आहे, दुसऱ्यात हे. दुसरे पारडे रिकामे ठेवले तर पहिल्याचे वजन कळणार कसे?

उदाहरण देवासपासून जवळच आहे. उज्जैन तिथून चाळीसेक किलोमीटर असेल, आणि 'मृच्छकटिक' उज्जैनचे नाटक. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठीत आणले. चारुदत्ताच्या समोर शकार असतो म्हणून आपण शकाराला त्याचे विरुद्ध पात्र मानतो. शकाराला टाळ्याही पडतात. पण शकार आणि चारुदत्त यांची तुलना काय करणार? एक सज्जन, एक पाजी, संपले. खरी तुलना चारुदत्त आणि शर्विलक यांची आहे. दोघेही ब्राह्मण, दोघेही निर्धन, दोघांचेही मन वसंतसेनेच्या घरात अडकलेले. चारुदत्ताचे वसंतसेनेत, शर्विलकाचे तिची दासी मदनिका हिच्यात. चारुदत्त दान करता करता भिकेला लागला आहे. शर्विलक मदनिकेला सोडवण्यासाठी चोरी करतो, आणि चोरतो काय, तर वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेवलेले दागिने! तसाच, फक्त चोर. आणि तो चोर आहे म्हणून वाईट आहे असेही नाटककार म्हणू देत नाही, कारण मित्रावर संकट आले असे कळताच तो नव्या बायकोला पाठवून देऊन मित्राच्या मदतीला धावतो. शर्विलक पाहिला की चारुदत्ताच्या चांगुलपणाविषयी एक नवाच प्रश्न पडतो. नुसते चांगले राहणे पुरते का?

पश्चिमेकडेही हेच. हॅम्लेटसारखाच बाप मारला गेलेला लेआर्टीस आहे, तसाच फॉर्टिन्ब्रास आहे. तीन मुलगे, तीन मारलेले बाप, तीन वाटा. १९४८ च्या आपल्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिएने फॉर्टिन्ब्रास सरळ काढून टाकला. चित्रपट गाजला, ऑस्करही मिळाले. पण काय गेले? ज्याचा बाप मारला गेला आणि तरी जो सूडाच्या पायी संपला नाही, असा एकटा तोच होता. तो गेल्यावर हॅम्लेटच्या मरणाला पर्याय होता हेच प्रेक्षकाला कळत नाही. मोठ्या माणसांच्या हातूनही असे घडते, म्हणून आमच्या चुकीला जरा धीर येतो, एवढेच.

धारहून देवासला गेलो. मराठी माणसाला देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी ते तिथे आले आणि १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, तिथलेच झाले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर. टेकडीवर देवीची दोन स्थाने, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे न जाता खाली उतरणारा कुणी मला दिसला नाही. आपल्याकडे लईराई आणि तिच्या बहिणी जशा एकमेकींशिवाय सांगता येत नाहीत, तसेच.

पण माझ्या विषयाला देवासचे खरे वैशिष्ट्य दुसरेच आहे. या एका गावात दोन राज्ये होती. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, आणि त्यांच्या वंशजांची देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. राजधानी दोघांचीही देवासच. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. इंग्रजांनी दोघांनाही सारखीच, पंधरा तोफांची, सलामी दिली होती. एकच रक्त, एकच गाव. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली.

१९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिला. त्या दिवसांवर त्याने 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. महाराजांवर त्याचे मनापासून प्रेम होते. राजा बुद्धिमान, भाविक, मित्रांवर जीव टाकणारा, पण घरच्या संकटांनी आणि विसकटलेल्या खजिन्याने शेवटी देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेला आणि १९३७ मध्ये तिथेच वारला. ही एक शोकांतिकाच आहे, आणि फॉर्स्टरमुळे ती जगाला ठाऊक झाली. पण ज्या गावात ही शोकांतिका घडली त्याच गावात दुसरे सिंहासन होते, त्याच घराण्याचे. त्याच्यावरच्या राजालाही तोच काळ, तेच इंग्रज, तसलाच लहानसा मुलूख. त्याने कसे निभावले? फॉर्स्टर वाचणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याचा जीव थोरल्या पातीत होता. धाकट्या पातीला तिचा फॉर्स्टर मिळाला नाही. तुकोजीरावांचे दैव किती आणि त्यांच्या चुका किती, हे ठरवायला ज्याची गरज होती तोच आरसा आपल्या हातात नाही. देवासच्या बाजारात हिंडताना मला हे सारखे वाटत राहिले. आणि तेव्हाच मला आमच्या गावची ती रात्र आठवली.

आता ती गोष्ट सांगतो.

गोव्यात गावोगावच्या जत्रांत मराठी नाटके होतात हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. गावचे लोक पुरुषांची कामे करतात, बायकांची कामे करायला बाहेरून कलाकार बोलवावे लागतात आणि त्यांचे मानधन द्यावे लागते. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' बसवले. मी दिग्दर्शक होतो आणि प्रॉम्प्टरही मीच. खर्चाचे गणित जमेना. तेव्हा तालमीत एक जण म्हणाला, "तें गीतेचें पात्र काडून उडय रे, नाटक चलतलें." मला ते पटले. गीता काढली. मग वेळ कमी करायला भगीरथ काढला, तो गेल्यावर शरदचेही काम नावापुरते उरले. सुधाकर, सिंधू, तळीराम आणि रामलाल. मला वाटले, नाटक कसे सुटसुटीत झाले!

नाटक रंगले. सिंधूचे काम करणारी बाई गात छान होती. शेवटच्या अंकात मंडपात हुंदके ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर शेजारच्या वाड्यावरची एक म्हातारी भेटली. तिच्या घरात दारूने काय केले होते ते गावात सगळ्यांना माहीत होते. मला वाटले ती नाटकाचे कौतुक करील. ती म्हणाली, "सांगपी कोणूच नाशिल्लें रे तिका?" त्या सिंधूला सांगणारे कुणीच नव्हते काय रे?

सांगणारी होती. गडकऱ्यांनी लिहिली होती. मी काढली होती, मानधन वाचवायला.

गीता ही तळीरामाची बायको. सिंधूसारखीच दारुड्याची बायको, तशीच, फक्त ती गप्प बसत नाही. भांडते, बोलते, नवऱ्याला तोंडावर सुनावते. ती रंगमंचावर असते तेव्हा सिंधूचे सोसणे हा सिंधूने घेतलेला निर्णय ठरतो, आणि प्रेक्षक त्याबद्दल मनातल्या मनात सिंधूशी वादही घालू शकतो. गीता काढली की सोसणे हाच बायकांचा एकमेव मार्ग उरतो. त्या म्हातारीला आम्ही रात्रभर जागवून हेच सांगितले, जे तिला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितले होते.

भगीरथाचेही तसेच. तो सुधाकरासारखाच शिकलेला, तसाच मनाला लागलेल्या घावाने दारूकडे वळलेला, फक्त रामलालचा हात धरून बाहेर येतो. सुधाकराला मुन्सफाशी झालेल्या खटक्यानंतर सनद गेल्याचा अपमान सोसवत नाही आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो, हे सगळ्यांना आठवते. पण त्याच नाटकात एक माणूस प्याला खाली ठेवून उठतो, हे किती जणांना आठवते? भगीरथ असला तर सुधाकराचा नाश ही शोकांतिका आहे, कारण वाट होती आणि ती त्याला सापडली नाही. भगीरथ काढला तर ते दारूबंदी खात्याचे प्रचारनाट्य होते. आणि रामलालसुद्धा नुसता उपदेशक नाही. शरदविषयी त्याच्याही मनात मोह येतो, तो त्याला ओळखतो आणि मागे फिरतो. त्याचाही एक प्याला आहे. शरदचे काम कापले की रामलालचा हा प्याला सांडतो आणि उरतात ती त्याची भाषणे. मग लोक म्हणतात, गडकऱ्यांची भाषणे लांब आहेत.

बालगंधर्वांनी सिंधू अशी उभी केली की शंभर वर्षे झाली तरी तिचे नाव निघाले की तेच आठवतात. देवासच्या त्या घरातूनच कुमारांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम रसिकांपुढे आणला. दोघांच्याही मोठेपणाविषयी बोलायची माझी पात्रता नाही. पण सिंधूच्या गाण्यांनी आपण इतके भारावलो की गीता हे भरतीचे पात्र आहे असे समजू लागलो, हे मात्र खरे. त्याचा दोष गाणाऱ्यांचा नाही, आपला आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकू येते. लोकांना नायक हवा असतो, गाणी हवी असतात, ध्वनिक्षेपकाच्या वेळेची बंधने आली आहेत, पाच अंकांचे नाटक आता कोण पाहणार? हे सगळे मान्य. काटछाट करावीच लागेल. माझे म्हणणे एवढेच की काय कापावे हे ठरवताना कुणाचे काम लहान आहे ते मोजू नये, कोण कुणाचा आरसा आहे ते पाहावे. सुधाकराची एक लांब स्वगते कमी करा, सिंधूचे एक पद कमी करा, पण गीतेचा एक प्रवेश तरी ठेवा. 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनरावाचा संशय आपण हसण्यावारी नेतो, पण तरुण, शहाणासुरता अश्विनशेठही त्याच संशयात सापडतो म्हणून ते नाटक नुसती फार्स होत नाही. तिथेही अश्विनशेठला फक्त गाणारा नायक केला की निम्मे नाटक गेले. आणि गावातल्या कलाकारांनाही एक सांगायचे आहे. दुय्यम काम मिळाले म्हणून तोंड पाडू नका. मी स्वतः अशी कामे पुष्कळ केली आहेत. प्रेक्षक टाळी नायकाला देतो, पण घरी जाताना मनात जो वाद घालतो तो तुमच्यामुळे घालतो.

दुसरा एक आक्षेप जास्त खरा आहे. अशी पात्रे पुष्कळदा वाईट लिहिलेली असतात. दिवा उजळ दिसावा म्हणून खोली काळी करावी, तसे नायक शहाणा दिसावा म्हणून शेजारी एक मूर्ख ठेवायचा. असली पात्रे कापली तर माझी हरकत नाही. तोलाचे पात्र ओळखायची खूण मदनाच्या नाटिकेत आहे. या पात्राला नायकाकडे पाठ फिरवून निघून जाता येते का? आणि ते गेल्यावर नायकाला मागे धावावे लागते का? राणी सर्वकला बागेतून उठून गेली, आणि गुजरातचा राजा जिंकणारा अर्जुनवर्मा नव्या नायिकेला तिथेच सोडून तिच्या मागे गेला.

पुढचे दोन अंक नाहीत. शास्त्र सांगते की शेवटी राणीने संमती दिली असणार आणि लग्न झाले असणार. तसेच झाले असेल. पण काळाने नाटिकेचा जो भाग आपल्यासाठी ठेवला, त्यात राणीची संमती नाही, तिचे उठून जाणे आहे. मला हे बरे वाटते.

यंदा आमच्या जत्रेला पुन्हा 'एकच प्याला' करायचे ठरते आहे. आता दिग्दर्शन तरुण मुलांकडे आहे. परवा त्यांतला एक विचारायला आला, "काका, दोन बायकांत भागेल ना?" मी सांगितले, गीतेचे मानधन माझ्याकडून घ्या. म्हातारी आता नाही. पण तशा घरांतून नाटक पाहायला येणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी असतीलच.